थोरल्या काकूंचं अंतर

आमच्या खोलीत नऊ दीर्घिका होत्या आणि खिडकी एकच. ती उघडत नसे. दीर्घिकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

लोकांना वाटतं, आकाशाचा अभ्यास करणारी माणसं रात्रभर गच्चीवर कुडकुडत उभी असतात. आम्ही सकाळी येतो, ट्यूबलाइटखाली बसतो आणि संध्याकाळी पाठ धरून घरी जातो. दुर्बीण आमच्यापासून एक समुद्र आणि दोन वाळवंटं पलीकडे आहे. मी ती फोटोत पाहिली आहे. फोटोत ती छान दिसते, पण फोटोत मीही छान दिसतो, त्यामुळे त्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

दीर्घिकेला क्रमांक असतो, आणि तो इतका लांबलचक की वाचून होईस्तोवर चहा गार होतो. म्हणून आमच्या खोलीची पद्धत अशी की, जिच्यावर काम चालू आहे तिला एखादं नातं देऊन टाकायचं. आत्या, धाकटे काका, मावशी, मावशीचे यजमान, साडू, विहीणबाई आणि दोन जुळे भाचे. हे झाले आठ. आणि मधोमध, सगळ्यांच्या वरताण, थोरल्या काकू.

आठ जणांचं अंतर ठरलेलं होतं. त्यांच्याकडून प्रकाश निघाला तेव्हा विश्व एक अब्ज वर्षांचंही झालेलं नव्हतं. आजचं विश्व सत्तरीचे आजोबा धरले, तर तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचं पोर. आणि त्या पोराच्या घरात काकू, शंभर अब्ज सूर्यांच्या वजनाच्या. पाच वर्षांच्या मुलाला मिशी फुटावी तसला प्रकार. एवढ्या लवकर एवढं अंग कसं धरलं, काय खाल्लं, कुणाच्या ताटातलं खाल्लं, यावर आमच्या शास्त्रात सध्या मोठं भांडण चालू आहे.

आमच्या गटाच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. बाईंचं म्हणणं, काकूंनी शेजाऱ्यांचं खाल्लं. जिथे सुरुवातीलाच जरा जास्त गर्दी, तिथे आजूबाजूचा वायू ओढला जातो. वायू आला की गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की आणखी वायू येतो. ज्याच्या घरी माणसं, त्याच्याच घरी पाहुणे. अब्जावधी वर्षांनी असं सगळं खटलं एकमेकांवर कोसळतं आणि हजारभर दीर्घिकांचा एक प्रचंड समूह तयार होतो. आमच्या आठ जणांचंही पुढे तेच व्हायचं होतं, पण एका अटीवर. काकू त्यांच्यातल्याच निघायला हव्या होत्या. काकू मधोमध असतील तर ते कुटुंब. नसतील तर बसथांब्यावर उभी असलेली आठ माणसं.

आमचंही भवितव्य काकूंच्याच हातात होतं. दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीनं कळवलं होतं की, समूह खरा ठरला तर पुढचा हंगाम तुमचा, खोली चालू, दोन्ही मोजणारे चालू. नाही ठरला तर तुमचे आभार.

दोन मोजणारे म्हणजे मी आणि फूटपट्टी.

फूटपट्टी हे नाव बाईंनी ठेवलं होतं. ती सरळ बोलायची, सरळ बसायची आणि पाव कापला तर दोन्ही तुकडे सारखे यायचे. माझं नाव शंखोबा. ते कुणी ठेवलं हे सांगायला नको. आम्ही दोघं एका जुन्या इमारतीच्या अगदी वरच्या, उतरत्या छताच्या खोलीत राहायचो. पलंगाच्या बाजूला ते छत इतकं खाली यायचं की सकाळी उठताना माझं डोकं रोज आपटायचं. तिचं कधीच नाही. तिनं राहायला आल्या आल्या ते छत मोजून घेतलं होतं.

आता डब्याचं सांगतो. आमच्या कामात माणसाला जे हवं असतं तेच दिसण्याचा फार धोका असतो. म्हणून बाईंनी आंधळी मोजणी ठेवली होती. प्रत्येक दीर्घिकेचं अंतर आम्ही दोघं वेगवेगळं काढायचो, चिठ्ठीवर लिहायचो आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. शुक्रवारी चहाला बाई डबा उघडून फळ्यावर लिहायच्या, डावीकडे माझा आकडा, उजवीकडे तिचा. जुळले की पक्के, पुन्हा कुणी बघायचं नाही. नाही जुळले तर बाई स्वतः बघणार आणि त्यांचा शब्द शेवटचा. डबा उघडेपर्यंत त्या दीर्घिकेबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही, घरीसुद्धा नाही.

"हा डबा फसवायचा असेल," बाई म्हणायच्या, "तर दोन माणसांना न बोलता एकच खोटं सुचायला हवं. आणि तसं सुचत असेल, तर त्या दोघांनी मोजणी सोडून लग्न करावं."

आमचे आकडे कायम जुळायचे. खरे होते म्हणून जुळायचे. लग्नाचा प्रश्न आला नाही.

घरी न बोलायची सवय मात्र अंगवळणी पडली. सुरुवातीला फक्त दीर्घिका डब्यात जायच्या. मग बाकीच्या गोष्टीही जायला लागल्या. एकत्र राहायला लागलो तेव्हा आमचं ठरलं होतं की, ज्याला आधी दुसरीकडे काम मिळेल त्यानं जायचं, कुणी कुणाला अडवायचं नाही, रडारड नाही. आमच्या धंद्यात सगळे असंच ठरवतात. मग आपापल्या गावी जाऊन रडतात.

तर काकूंचा वर्णपट आला त्याच आठवड्यात तिला बोलावणं आलं. पृथ्वीच्या बरोबर उलट्या बाजूचं.

"बरंय की," मी म्हणालो. "तिथून सरळ खाली खणत आलीस तर आपल्या स्वयंपाकघरात निघशील."

"शंखोबा, मधे पृथ्वी आहे."

ती गॅसपाशी उभी राहून अंडी उकडत होती. मी मोज्याची जोडी शोधत होतो.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली.

"शुक्रवारी तर डबा उघडणार."

"हो ना." तिनं पाण्यात चमचा फिरवला. उकडत्या अंड्यांना ढवळायची काही गरज नसते. "तुला काय वाटतं? मी काय करावं?"

"मला वाटतं ती अंडी आता दगड झाली असतील."

तिनं गॅस बंद केला. "एकदा तरी सरळ उत्तर दे रे."

"सरळ खातं तुझ्याकडे. माझ्याकडे वाकडं. बाईंनीच तशी वाटणी केलीय."

ती हसली. पूर्ण नाही, अर्धंच. त्या अर्ध्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण दुसरा मोजा सापडला होता.

आईचा फोन आला. आईला माझं काम सोयरिकीसारखं वाटतं: पत्रिका आली, अजून ठरत नाही.

"ठरलं का तुझ्या काकूंचं?"

"शुक्रवारी."

"आणि तिचं?"

"कुणाचं?"

"एवढा भोळा नाहीस तू. माझ्याच पोटचा आहेस."

"तिचंही शुक्रवारीच."

"मग तू तिला राहा म्हणालास का?"

"आमचं ठरलंय गं आई. अडवायचं नाही म्हणून."

"कधी ठरलं?"

"राहायला आलो तेव्हा."

"तेव्हा तू त्या निळ्या पँटमध्येही मावायचास," आई म्हणाली. "आता मावतोस का?"

"ती फूटपट्टी आहे, आई. जोर लावला तर वाकेल. वाकलेली फूटपट्टी घेऊन काय करू?"

"तुझ्या पाठीत घालीन मी ती," आई म्हणाली, आणि जेवलास का विचारून तिनं फोन ठेवला.

काकू मला गुरुवारी बघायच्या होत्या.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश पसरवून बघितला की त्यात उजेडाच्या रेषा दिसतात. प्रत्येक वायूची रेष आपापल्या जागी असते, पण दीर्घिका जितकी लांब तितकी ती तांबड्या बाजूला सरकते. किती सरकली यावरून अंतर कळतं. अडचण एवढीच की रेषेवर नाव लिहिलेलं नसतं. काकूंच्या वर्णपटात रेष एकच होती. ती हायड्रोजनची असेल तर काकू त्या आठ जणांसोबत, विश्वाच्या बालपणात. ऑक्सिजनची असेल तर काकू कितीतरी अलीकडच्या, आणि कुटुंबाच्या फोटोत अनोळखी माणसानं डोकावावं तशा नुसत्याच वाटेत उभ्या.

ओळखायची खूण फूटपट्टीनं मला मी नवा होतो तेव्हा शिकवली होती. ऑक्सिजनच्या दोन रेषा असतात, एकमेकींना अगदी खेटून. हायड्रोजनची एकटीच असते. "एकटी असेल तर लांबची," ती म्हणाली होती. "जोडीनं असेल तर जवळची. आणि आधी इस्त्री काढ."

इस्त्री म्हणजे असं. मूळ वर्णपट फार खडबडीत असतो, म्हणून यंत्र तो गुळगुळीत करून दाखवतं. डोळ्यांना बरं वाटतं. पण त्या गुळगुळीतपणात खेटून उभ्या असलेल्या दोन रेषांची एक होऊन जाते. इस्त्री काढून सुरकुत्यांसकट बघितल्याशिवाय फूटपट्टी कुठल्याही रेषेवर विश्वास ठेवत नसे. रेषेवरच असं नाही.

मी इस्त्री काढली. काकूंच्या रेषेच्या डोक्यावर खाच होती. बारीकशी, पण होती. उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे आणि मधे खाच.

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बघितलं. खाच तिथेच होती. तिला जायला दुसरी जागा नव्हती.

ही खाच नाही, नुसती खरखर आहे, असं म्हणता आलं असतं. खरखरीच्या नावावर आमच्या धंद्यात बरंच काही खपतं. पण कपाटापलीकडच्या टेबलाशी फूटपट्टी बसली होती आणि तिच्या पडद्यावर हीच खाच होती. तिला ती दिसणार नाही, हे शक्यच नव्हतं. मी खोटं लिहिणार, ती खरं लिहिणार, बाई बघणार, खरं ते बाहेर येणार, आणि वर मी खोटारडा. जाणाऱ्या माणसाला थांबवायचे मार्ग बरेच असतील, हा त्यातला सर्वांत भिकार, असं मला वाटलं. मी जवळचं अंतर लिहिलं, चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकली. आत तिची चिठ्ठी आधीच पडलेली होती, घडीच्या कडा एकमेकींना बरोबर जुळवलेल्या.

प्रामाणिकपणाचं एक समाधान असतं. भरपेट जेवल्यासारखं, फक्त न जेवता.

शुक्रवारी चहाला आम्ही तिघं होतो, शिवाय पंखेवाला. हा गृहस्थ तळघरात आमची यंत्रं थंड ठेवायचा आणि वर चहापुरता गरम व्हायला यायचा. बाईंनी डब्याचं झाकण काढलं. डावीकडे माझा आकडा लिहिला. मग दुसरी चिठ्ठी उघडली, वाचली, उलटी करून बघितली, पुन्हा वाचली, आणि उजवीकडे लिहिलं.

उजवीकडे लांबचं अंतर होतं. आठ जणांचं.

तो फळा मी इतकी वर्षं बघत होतो, पण त्याच्या दोन बाजू वेगळ्या कधी दिसल्या नव्हत्या. मग मी नेहमी करतो तेच केलं.

"फूटपट्टी वाकली," मी म्हणालो. "भिंतीवर तारीख कोरून ठेवा."

पंखेवाला हसला. त्याला बिचाऱ्याला तळघरात हसायला मिळत नाही.

"इस्त्री काढली होतीस का गं?" बाईंनी तिला विचारलं.

"काढली होती."

"मग जोडी दिसली नाही?"

ती बाईंकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. पेपर देऊन बाहेर आलेला मुलगा दुसऱ्याला विचारतो ना, तुला शेवटचा प्रश्न आला का, तसं काहीतरी त्या बघण्यात होतं. मला ते कळलं नाही असं नाही. मला ते पटकन कळलं नाही.

"नाही दिसली," ती म्हणाली.

"चष्मा बदल," मी म्हणालो. "उलट्या बाजूला स्वस्त मिळतात म्हणे."

तिनं कप उचलला, बेसिनपाशी जाऊन धुतला, पुसून जागेवर ठेवला. मग टेबलाशी बसून तिनं काहीतरी लिहिलं. थोडंसंच होतं. हो म्हणायला किती लागतं.

बाईंनी पडद्यावर काकूंना उघडलं, इस्त्री काढली आणि मान डोलावली. जोडी होती. अंतर बदललं तसं काकूंचं वजन आमच्या डोळ्यांदेखत उतरलं. कुठल्याही पथ्यानं इतकं उतरत नाही. विश्वाच्या बालपणातली ती प्रचंड बाई गेली आणि तिच्या जागी चारचौघींसारखी एक बारीकशी दीर्घिका राहिली, कुणाच्याच नात्यात नसलेली. आठ माणसं बसथांब्यावर उभी राहिली.

जायच्या दिवशी ती सुटकेसवर बसली आणि मी चेन ओढायला लागलो. आमची हीच पद्धत होती, तिचं वजन आणि माझे हात.

"एक विचारू?" मी म्हणालो.

"चष्म्याचं असेल तर नको."

"तसं नाही. मला दिसते आणि तुला दिसत नाही, असं कधी झालंय का? ती जोडी तुला दिसली कशी नाही?"

चेन अडकली होती. ती वाकून अडकलेला कपडा आत सारत होती. कपडा आत गेला, तरी ती तशीच वाकून राहिली.

"दिसली होती," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. बाई त्या डब्याचं काय म्हणायच्या?"

बाई काय म्हणायच्या ते मला आठवलं. पूर्ण वाक्य आठवायला जरा वेळ लागला. शेवटच्या भागाला जास्त.

"मला वाटलं तुलाही सुचेल," ती म्हणाली. "दोन्ही चिठ्ठ्या सारख्या निघतील, बाई बघणार नाहीत, खोली राहील. असं काय काय वाटलं. तोंडानं विचारलं तर तू अंड्यांचं बोलतोस. म्हटलं, चिठ्ठीत तरी विनोद करता येत नाही."

"मी खरं लिहिलं."

"हो. तू खरं लिहिलंस." सगळं दूध संपवलेल्या मुलाला शाबासकी द्यावी तशी ती म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला, आणि तू नेमकं त्याच दिवशी सरळ उत्तर दिलंस."

चेन हातात होती. मी ती ओढत नव्हतो.

"मग आता सांगतो," मी म्हणालो. "राहा."

"आता कुठे राहू? काकू गेल्या, खोली गेली. मी कळवूनही टाकलंय. आणि त्या डब्याकडे मला बघवत नाही रे. मी खोटं लिहून त्यात टाकलंय."

"मग मी येतो तिकडे."

"येऊन काय करशील?"

"उलटा उभा राहीन."

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मधेच कुठेतरी सुटला. तिनं मनगटानं नाक पुसलं.

"बघ," ती म्हणाली. "येशील, आणि तिथेही हेच करशील. सगळ्यावर इस्त्री फिरवशील. आणि मी जन्मभर विचार करत बसेन की हिच्याखाली एक आहे का दोन."

मी चेन ओढली. ती लागली.

टॅक्सी खाली उभी होती. सामान ठेवून झाल्यावर तिनं माझ्या कपाळावरच्या जुन्या टेंगळावरून अंगठा फिरवला. "डोकं सांभाळ," म्हणाली. टॅक्सी कोपऱ्यावर वळली. कोपऱ्यावरचा सिग्नल खराब होता, त्यामुळे ती थोडा वेळही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि डोकं आपटलं नाही. मला वाटलं मी मेलो असेन. वर बघितलं तर छताला, माझं डोकं लागतं तिथे, स्पंजचा तुकडा चिकटवलेला होता. भांडी घासायचा, पिवळा. मापानं कापलेला. मी सरकून दुसरीकडून उठून बघितलं, तिथे डोकं आपटलं. पुन्हा स्पंजखाली आलो. जागा बरोबर होती. मी बराच वेळ उठबस करत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी काठीनं छत ठोकलं.

खोली बंद व्हायची होती. टेबलं मोजून झाली होती. पण बाईंनी कुठल्याशा जुन्या ओळखीवर दुसऱ्या एका दुर्बिणीवर थोडा वेळ मिळवला, धुळीच्या आरपार बघणाऱ्या. "आवरण्याआधी एकदा बघून घेऊ," म्हणाल्या, घर सोडताना माळ्यावर नजर टाकतात तसं. आणि आमच्या चित्रात जो कोपरा काळा कुळकुळीत होता, जिथे आम्ही कधी कुणाला नातंही दिलं नव्हतं, तिथे एक दीर्घिका होती. धुळीत पूर्ण बुडालेली, काकूंच्या मूळ वजनापेक्षाही वजनदार, आणि रेषा दोन वेगळ्या वायूंच्या, त्यामुळे शंकेला जागाच नाही. अंतर तेच, आठ जणांचं.

आम्ही तिला कोपऱ्यातले काका म्हणायला लागलो. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. बोलत नाही, दिसत नाही, पाहुण्यांना वाटतं तो नाहीच. आणि सगळं घर त्याच्याभोवती उभं असतं.

कुटुंब खरं होतं. फक्त आम्ही मधोमध बघत होतो, आणि अशी कुटुंबं लहान असताना त्यांना मध्य असतोच असं नाही. समितीचं पत्र आलं. पुढचा हंगाम आमचा, खोली चालू, दोन्ही मोजणारे चालू. पत्र वाचून बाई कपाटापलीकडच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. त्यावर पंखेवाल्यानं वायरींचं भेंडोळं ठेवलं होतं.

दुसरा मोजणारा नाही तर आंधळी मोजणी नाही. बाईंनी तिला विचारलं, तिकडून मोजशील का. बाईंना ती नाही म्हणू शकली नाही. तेव्हापासून तिचा आकडा बाईंच्या फोनवर येतो. बाई तो चिठ्ठीवर लिहून, घडी घालून डब्यात टाकतात आणि शुक्रवारी स्वतःच उघडतात. मी एकदा म्हणालो, तुम्हाला आकडा माहीतच असतो, मग घडी कशाला. बाई म्हणाल्या, पद्धत ती पद्धत.

आकडे जुळतात. बाकी आम्ही बोलत नाही.

"बोलता का रे दोघं?" आईनं विचारलं.

"दर शुक्रवारी."

"काय बोलता?"

"आकडे."

"मग? काय म्हणतात आकडे?"

"जुळतात."

आईनं जेवलास का विचारलं.

या हंगामात कुटुंबाच्या अगदी कडेला एक नवी दीर्घिका आली. आम्ही तिला धाकटी नणंद म्हटलं. वर्णपटात एकच रेष. मी इस्त्री काढली. रेष स्वच्छ होती, खाच नाही, उंचवटे नाहीत. ती एकटी होती, लांबची, आणि शिकाऊ माणसालाही ते कळलं असतं.

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बघितलं. एकटीच होती.

मी चिठ्ठी घेतली आणि जवळचं अंतर लिहिलं. जोडी आहे, असं. कडा जुळवून घडी घातली. मला कडा जुळवता येत नाहीत, दोनदा घालावी लागली.

शुक्रवारी बाईंनी डावीकडे माझा आकडा लिहिला. उजवीकडे तिचा. डावीकडे जवळ, उजवीकडे लांब. पंखेवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. त्याचं तोंड हसायला अर्धं उघडलेलंच होतं. मी बोललो नाही. त्यानं ते हळूहळू मिटलं आणि कप घेऊन तळघरात गेला.

आकडे जुळले नाहीत की बाई स्वतः बघतात. बाईंनी बघितलं नाही. त्या आधी फळ्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"अगं, धाकट्या नणंदेचं जुळत नाहीये," बाई म्हणाल्या. "इकडे हा म्हणतो जोडी आहे."

फोनमधून काही आलं नाही. मधे पृथ्वी आहे, आवाजाला वेळ लागतो. पण एवढा लागत नाही.

"इस्त्री काढली होती का विचारा त्याला," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

"काढली होती," मी म्हणालो.

कुठेतरी तिकडे दार लोटल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मी टेबलाची कड धरून उभा होतो आणि टेबलाच्या कडेलाही सुरकुत्या असतात हे बघत होतो.

"मग परत बघायला सांगा," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. सर्दी असेल, तिकडे आता थंडी असते. "मी पुन्हा पुन्हा बघितलंय. एकटीच आहे ती. लांबची."

"बरं," बाई म्हणाल्या. "तू झोप आता."

फोन बंद झाला. बाई फळा पुसायचं फडकं घेऊन उठल्या.

"द्या इकडे," मी म्हणालो. "मी पुसतो."